चावी कुणाची, जबाबदारी कुणाची?

‘चावी दे ना यार, पाच मिनिटांत आलो!’ हॉस्टेलमध्ये हे वाक्य रोज ऐकू येतं. आपण चावी फेकतो, तो झेलतो, आपल्यासाठी विषय संपला. कायद्यासाठी मात्र तो तिथे सुरू होतो. त्याबद्दलच थोडं लिहितोय.

आधी अपघात का होतात ते बघू. आपण इंजिनिअरिंगवाले, तेव्हा हिशोबच करू. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. समोर म्हैस दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत एक सेकंद जातो असं धरा. तेवढ्यात गाडी १० मीटर पुढे गेली. ब्रेकमुळे वेग दर सेकंदाला ५ मीटर प्रति सेकंद कमी होतो असं धरलं, तर थांबायला आणखी १० मीटर. एकूण २०. आता वेग दुप्पट करा, ताशी ७२. पहिल्या सेकंदात २० मीटर, ब्रेक लागल्यावर ४०, एकूण ६०. वेग दुप्पट, अंतर तिप्पट! बरं, हा झाला कोरड्या रस्त्याचा हिशोब. पहिल्या पावसात रस्त्यावरचं ऑइल आणि धूळ यांचा राडा होतो, वळणावर खडी पडलेली असते, तिथे टायरची पकड आणखी कमी.

बाकीची कारणं आपल्याला पाठ आहेत. ट्रिपल सीट, राँग साइड, मान वाकडी करून मोबाइलवर बोलणं, एसटीच्या मागे चिकटून जाणं, आणि पार्टीनंतर ‘मी एकदम ओके आहे’ म्हणून किक मारणं.

आता जबाबदारी. यात दोन गोष्टी वेगळ्या आहेत, शिक्षा आणि नुकसानभरपाई.

शिक्षा मुख्यतः चालवणाऱ्याला होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम १०६ प्रमाणे निष्काळजीपणामुळे कुणाचा मृत्यू झाला तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. जुन्या दंड संहितेत ही मर्यादा दोन वर्षं होती. रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं, तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १८५ प्रमाणे पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

पण मालकही सुटत नाही. लायसन्स नसलेल्या मित्राला गाडी दिली, तर कलम १८० प्रमाणे गाडी देणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. यासाठी अपघात व्हायलाच पाहिजे असंही नाही. सर, मॅडम, चहा आणायला विद्यार्थ्याच्या हातात स्कूटर देताना हे तुम्हालाही लागू आहे!

खरा मोठा आकडा भरपाईचा असतो. घरातला कमावता माणूस गेला, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण त्याचं वय, उत्पन्न आणि त्याच्यावर अवलंबून असलेली माणसं बघून रक्कम ठरवतं. ती कित्येक लाखांत जाऊ शकते. थर्ड पार्टी इन्शुरन्स सक्तीचा आहे तो याचसाठी. इन्शुरन्स संपलेला असेल, तर सगळा भार चालवणारा आणि मालक यांच्यावर येतो.

‘पण इन्शुरन्स आहे ना?’ असं कुणी म्हणेल. सुप्रीम कोर्टाने २००४ साली स्वरण सिंग खटल्यात याचं उत्तर दिलं आहे. मालकाने पुरेशी काळजी न घेता विनालायसन्स माणसाला गाडी दिली हे कंपनीने सिद्ध केलं, तरी कोर्ट कंपनीला आधी पीडितांना पैसे द्यायला लावू शकतं, आणि मग कंपनी ते मालकाकडून वसूल करते. आता विचार करा, आपल्यापैकी किती जणांच्या गाड्या वडिलांच्या नावावर आहेत? चावी आपण फेकतो, नोटीस गावाकडे बाबांना जाते.

डबल सीट जाणाऱ्यांनीही ऐका. २००६ साली तिलक सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की नुसत्या कायद्यापुरत्या थर्ड पार्टी पॉलिसीत फुकट मागे बसलेला माणूस येत नाही. पॅकेज पॉलिसीत येतो. स्वस्तातली पॉलिसी काढताना हा फरक कुणी सांगत नाही.

आणखी एक हॉस्टेल स्पेशल भानगड. फायनल इयरचा दादा जाताना ज्युनिअरला गाडी विकतो. पैसे घेतले, आरसी बुक दिलं, ट्रान्सफर ‘नंतर करू’. २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यातली कार अशीच नाव न बदलता एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिली होती. सुप्रीम कोर्टाने भरपाईसाठी जबाबदार धरलं ते रजिस्ट्रेशनवर नाव असलेल्या पहिल्या मालकाला. म्हणून विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं (राज्यातल्या राज्यात विकली असेल तर).

अपघात झालाच, तर पळू नका. जखमीला उपचार मिळवून देणं आणि जास्तीत जास्त २४ तासांत पोलिसांना कळवणं हे कलम १३४ प्रमाणे चालवणाऱ्याचं कर्तव्य आहे. रस्त्यात मदत करणाऱ्या तिऱ्हाइताला २०१९ च्या दुरुस्तीने संरक्षण दिलंय, त्यामुळे ‘नसती झंझट नको’ म्हणून बघत उभं राहू नका.

तेव्हा मित्रांनो, चावी देण्याआधी तीन प्रश्न विचारायचे. लायसन्स आहे? शुद्धीवर आहेस? हेल्मेट घेतलंस? आणि एक प्रश्न स्वतःला, इन्शुरन्सची तारीख कधीची आहे? एकाही प्रश्नाचं उत्तर गडबडलं, तर चावी खिशातच ठेवा. मित्र दोन दिवस फुगून बसेल, मेसमध्ये शेजारी बसणार नाही. बसू दे. तिसऱ्या दिवशी असाइनमेंट कॉपी करायला येतोच!