बिल्ल्याचे आकडे आणि संगणकाची मेमरी

संगणकात ४ गीगाबाइट मेमरी बसवली, दुकानदाराने तेवढ्याची पावती दिली, आणि पडद्यावर पाहावे तो ३.२५ गीगाबाइटच! बाकीची गेली कुठे? हा प्रश्न आमच्या युनियनच्या कचेरीत निघाला. पैसा वर्गणीचा; तेव्हा सभासदांनी जाब विचारला यात गैर काहीच नाही. कुणी म्हणाले, चोरी झाली. चोरी नव्हती, पण जे होते ते समजून घेण्यासारखे आहे.

एखाद्या गिरणीत दर कामगाराला बिल्ला मिळतो आणि बिल्ल्यावर तीनच आकड्यांची जागा आहे असे धरा. ००० पासून ९९९ पर्यंत हजार बिल्ले होतील, एकही अधिक नाही. मालकाने दीड हजार माणसे भरती केली, तरी पाचशेंचे नाव हजेरीपटावर चढणार नाही. संगणकाचेही तसेच आहे. मेमरीतील प्रत्येक घराला, म्हणजे बाइटला, क्रमांक लागतो. संगणकाला आकडे दोनच ठाऊक, शून्य आणि एक. १९८१ साली निघालेल्या आयबीएमच्या पीसीत बिल्ल्यावर २० जागा होत्या. घरे झाली १०,४८,५७६. पुढे ३२ जागा आल्या, आणि घरे झाली ४,२९,४९,६७,२९६. हेच ते ४ गीगाबाइट. विंडोज एक्सपी (२००१) घरोघर पोहोचली ती मुख्यत्वे याच बत्तीस बिटी रूपात.

मग पाऊण गीगाबाइट कमी का? कारण क्रमांक केवळ मेमरीलाच लागत नाहीत. पडद्याचे चित्र काढणारे कार्ड आणि इतर जोडयंत्रे यांच्याशी प्रोसेसर त्याच क्रमांकांनी बोलतो, आणि त्यांच्यासाठी वरचे क्रमांक आधीच राखून ठेवलेले असतात. जॉबर आणि कारकून यांचे बिल्ले आधी बाजूला काढावेत आणि भरती झालेला कामगार दारातच उभा राहावा, त्यातला हा प्रकार! माणूस हजर आहे, पण त्याला नंबर नाही.

येथवर गणित झाले. यापुढे मात्र गणिताबरोबर धोरण येते. इंटेलने १९९५ सालच्या पेंटियम प्रो या प्रोसेसरमध्येच मेमरीच्या क्रमांकाला ३६ जागा दिल्या होत्या. त्यात ६४ गीगाबाइट मावतात. लिनक्सने ही सोय वापरली. मायक्रोसॉफ्टनेही वापरली, पण महागड्या सर्व्हर आवृत्त्यांत. घरगुती बत्तीस बिटी विंडोजला ४ गीगाबाइटचीच मर्यादा राहिली. जोडयंत्रांचे पुष्कळ ड्रायव्हर मोठे क्रमांक पाहून कोलमडत, असे कारण कंपनीने दिले. ते खोटे नव्हे. परंतु चौसष्ट बिटी विंडोज ७ (२००९) पाहा: होम बेसिकला ८, होम प्रीमियमला १६, प्रोफेशनलला १९२ गीगाबाइट. प्रोसेसर तोच, बोर्ड तोच. फरक परवान्याच्या किमतीचा. ही मर्यादा तांब्याच्या तारेतली नसून कागदावरच्या करारातली आहे, आणि करार वाचायची सवय आम्हाला धंद्यानेच लागली आहे. विंडोज ११ (२०२१) चौसष्ट बिटीच निघते. तिच्या होम आवृत्तीला १२८ गीगाबाइट आणि प्रोला २ टेराबाइट चालतात. एवढी मेमरी घरी कोण बसवणार हा प्रश्न वेगळा!

तेव्हा मेमरी विकत घेण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्या: प्रोसेसर किती बिटी, बोर्ड किती मेमरी घेतो, आणि विंडोजची आवृत्ती कोणती. तिन्हींत जी मर्यादा सर्वांत लहान, तीच खरी.

आमच्या कचेरीतील प्रोसेसर चौसष्ट बिटी निघाला. वर विंडोज तेवढी बत्तीस बिटी घातलेली होती. बोर्डही अडलेली मेमरी वरच्या क्रमांकांवर हलवू शकणारा होता. चौसष्ट बिटी आवृत्ती घातल्यावर अडकलेली बहुतेक मेमरी हजेरीपटावर आली. थोडीशी अजून चित्रासाठी राखलेली राहते. खजिनदारांनी तीही वहीत लिहून ठेवली आहे.