फवारलेले औषध जाते कोठे?

सोयाबीन पेरून पंधरा-वीस दिवस झाले व तण दोन-चार पानांवर आले, की वाशीम जिल्ह्यात रिसोडपासून कारंज्यापर्यंत फवारणीची एकच धांदल उडते. एकरी औषध किती घालावयाचे हे आपणांस पाठ असते. त्याच रात्री मुसळधार पाऊस झाला तर दुसऱ्या दिवशी आपण तण मेले की नाही एवढेच पाहतो. औषध गेले कोठे, हे सहसा कोणी विचारीत नाही. 2017 साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व मजूर दगावले, तेव्हा सर्वांचे लक्ष फवारणाऱ्याच्या जिवाकडे गेले, आणि ते योग्यच झाले. परंतु बांधाबाहेर जाणारे औषध डोळ्यांस दिसत नाही, आणि तेच पाणी पुढे नाल्यास, विहिरीस व तलावास मिळते. वाशीम शहर एकबुर्जी तलावाचे पाणी पिते, हे येथे ध्यानात घ्यावे.

या औषधाचा हिशेब मांडता येतो. जमीन, हवामान व पीक यांची माहिती घेऊन औषधाचा प्रवास वर्तविणारे गणिती नमुने परदेशांत औषधास परवानगी देण्यापूर्वीच वापरतात. आपल्याकडे त्यातील अर्धे काम होऊन चुकले आहे असे म्हणण्यास हरकत नाही. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प 2018 साली सुरू झाला, त्यात वाशीम जिल्ह्यातीलही गावे घेतली. आणि त्या प्रकल्पाकरिता मुंबईच्या आय.आय.टी.ने गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याची रीत बसविली. रोजचा पाऊस, मातीची जात व खोली, उतार आणि पीक एवढे दिले म्हणजे किती पाणी वाहून गेले, किती ओल राहिली व किती खाली मुरले हे निघते. औषधाचा ताळेबंद हा याच वहीतील पुढचा रकाना होय.

उदाहरणार्थ, उताराला आडवी पेरलेली भारी काळी जमीन घेऊ. पाणी वाहून जाण्याच्या अमेरिकन कोष्टकात अशा जमिनीस 88 हा अंक देतात. त्या हिशेबाने 20 मिलीमीटर पावसातून साडेतीन मिलीमीटरच्या आसपास पाणी वाहते. 60 मिलीमीटर पावसातून मात्र 32. पाऊस तिप्पट, पण वाहते पाणी नऊपट! एकरी ते सुमारे 1 लाख 30 हजार लिटर भरते. इमॅझेथापायर हे तणनाशक शिफारशीप्रमाणे फवारल्यास एकरी 40 ग्रॅम मूळ द्रव्य पडते. त्यातील शेकडा एक भाग या पाण्याबरोबर गेला असे धरू. तर बांधाबाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरास 3 मायक्रोग्रॅम औषध असेल. युरोपात पिण्याच्या पाण्यात कोणत्याही एका कीडनाशकाची मर्यादा 0.1 आहे. ती सावधगिरीची मर्यादा आहे, ओलांडली की मनुष्य आजारी पडलाच असे नव्हे. शिवाय नाल्यात इतर पाणी मिसळून प्रमाण उतरते. तरी अंक विचार करावयास लावणारा आहे खास.

सर्वच औषधे सारखी वागत नाहीत. पेरणीनंतर लागलीच फवारावयाचे पेंडिमेथालिन मातीच्या कणांस घट्ट चिकटते. ते जाते ते मातीबरोबर. इमॅझेथापायर पाण्यात विरघळून जाते, आणि आपल्या काळ्या जमिनीसारख्या किंचित विम्लधर्मी मातीत त्याची पकड आणखीच सैल पडते. म्हणून पहिल्यास बांध व बांधाच्या कडेचा गवताचा पट्टा पुष्कळ अडवील. दुसऱ्यास तो पुरा पडणार नाही, तेथे पावसाचा अंदाज पाहून फवारणी दोन दिवस पुढे ढकलणे हाच उपाय. गवताच्या पट्ट्याचा उपदेश सरसकट सर्वांस करणारे हा भेद विसरतात.

परदेशी नमुना आपल्या जमिनीस जसाच्या तसा लावणेही धोक्याचे. मृगाच्या तोंडी भेगाळलेल्या काळ्या जमिनीत पाणी भेगांतून थेट खोल उतरते, आणि माती फुगून भेगा मिटल्या की तीच जमीन पाणी वरून लोटून देते. माळरानाच्या उथळ, मुरमाड जमिनीची गोष्ट निराळी. तेथे थोड्याच हातांवर खडक लागतो व विहीर जवळ असते.

माहितीत दोन उणिवा आहेत. 2015 पासून मिळू लागलेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत सामू व सेंद्रिय कर्ब असतो, आणि औषध किती चिकटेल हे ठरविण्यास तो उपयोगी पडतो. पण चिकण मातीचे प्रमाण व जमिनीची खोली त्यात नसते. खोली तर विहीर खणताना आपणच पाहिलेली असते. दुसरी उणीव आपलीच आहे: कोणते औषध, किती, कोणत्या शेतात, कोणत्या तारखेस फवारले याची नोंद ठेवण्याची आपणांस सवय नाही. दुकानदाराची पावती हाती असते तीही दिवाळीपर्यंत टिकत नाही.

सभासदांनी येत्या खरिपात एक साधी वही घालावी. गट क्रमांक, औषधाचे नाव, मात्रा, तारीख, आणि पुढील सात दिवसांचा पाऊस, एवढे रकाने पुरेत. मंडळाचे पर्जन्यमापक आपल्या शिवारापासून दूर असू शकते; म्हणून सरळ उभ्या कडांचा एक डबा मोकळ्या जागी, झाडापासून लांब ठेवून रोज सकाळी त्यात पट्टी बुडवून पाहावी, व मापल्यावर पाणी ओतून द्यावे.