टांकसाळीतील त्रुटीयुक्त नाण्यांचे मूल्यनिर्धारण : बारामती व इंदापूर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

बारामती व इंदापूर हा परिसर नाणकशास्त्राच्या दृष्टीने उपेक्षणीय नाही. शहाजीराजांच्या जहागिरीतील सुपे व इंदापूर ही ठाणी याच भागातील होत. शिवकालानंतरही दीर्घकाळ पुणे प्रांताच्या दैनंदिन व्यवहारात तांब्याची शिवराई चालत होती. अलीकडे मात्र ‘चुकलेल्या नाण्यास लाखो रुपये मिळतात’ हा समज मोबाइलवरील जाहिरातींतून खेड्यापाड्यांत पोहोचला आहे. आपले नाव वापरून जुन्या नाण्यांच्या व्यवहारासाठी शुल्क वा कमिशन मागितले जात असल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता. या पार्श्वभूमीवर त्रुटीयुक्त नाण्याचे मूल्य कसे ठरते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

त्रुटीची संकल्पना

त्रुटी ही निर्मितीप्रक्रियेच्या संदर्भातच ठरते. शिवराई हाताने घण मारून पाडली जात असे. ठसा चकतीपेक्षा मोठा असल्याने ‘श्री राजा शिव’ व ‘छत्र पति’ ही अक्षरे बहुधा अपुरी उमटत. म्हणून शिवराईवरील सरकलेला ठसा ही त्रुटी नव्हे; उलट पूर्ण अक्षरांची शिवराई अधिक मोलाची ठरते. यंत्राने पाडलेल्या नाण्यांत लाखो नग एकसारखे निघतात. तेथे सरकलेला ठसा हा अपवाद असतो व अपवादालाच मूल्य येते.

आधुनिक नाण्यांतील त्रुटींचे तीन वर्ग पडतात :

१) चकतीच्या त्रुटी : कड चंद्रकोरीसारखी कापली जाणे, अन्य नाण्याची चकती वापरली जाणे.
२) ठशाच्या त्रुटी : ठशास तडा गेल्याने नाण्यावर उंच रेघ उमटणे.
३) ठोक्याच्या त्रुटी : सरकलेला वा दुहेरी ठसा. आधीचे नाणे ठशाला चिकटून राहिल्यास पुढील नाण्यावर एका बाजूस तीच आकृती उलटी व खोलगट उमटते. संग्राहक यास ‘लखी’ म्हणतात.

प्रत्येक वेगळेपण म्हणजे त्रुटी नव्हे. मुंबई टांकसाळीची खूण सामान्यतः चौकट, हैदराबादची तारा व नोएडाची ठिपका असते. कोलकात्याच्या नाण्यावर खूण नसते. त्यामुळे ‘खूण नसलेले’ नाणे दुर्मीळ ठरत नाही. तसेच दहा रुपयांच्या नाण्याच्या १४ रचना वैध असल्याचे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले होते.

मूल्याचे निकष

पहिला निकष अस्सलपणाचा. त्यानंतर त्रुटीची तीव्रता, नाण्याची स्थिती, दुर्मीळता व संग्राहकांची मागणी यांचा विचार होतो. किंचित सरकलेल्या ठशास दर्शनी मूल्यापेक्षा फारसे अधिक मिळत नाही. निम्म्याच्या आसपास सरकलेला, तरीही वर्ष स्पष्ट वाचता येणारा नग अधिक मोलाचा असतो. विक्रेत्याने सांगितलेली किंमत प्रमाण मानू नये. लिलावात प्रत्यक्ष मिळालेली किंमतच तुलनेस योग्य होय. २५ पैसे व त्याखालील नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाल्याने त्यांना केवळ संग्रहमूल्य उरले आहे.

पडताळणी

टांकसाळीबाहेर कानस, हातोडा वा आम्ल वापरून बनावट त्रुटी निर्माण केल्या जातात. २०११ च्या मालिकेतील एक रुपयाचे नाणे ३.७९ ग्रॅम वजनाचे व २२ मिलिमीटर व्यासाचे आहे. केवळ ठसा सरकलेल्या नाण्याचे वजन पूर्ण भरले पाहिजे. कड कापलेल्या अस्सल नाण्यात कापाच्या समोरची कड बहुधा अस्पष्ट असते; कानशीने घासलेल्या नाण्यात ती ठळकच राहते. दोन नाणी दाबून केलेल्या बनावट ‘लखी’त मूळ आकृतीचे अवशेष भिंगाखाली दिसतात.

निष्कर्ष

त्रुटीयुक्त नाण्याचे मूल्य चुकीत नसून, ती चूक टांकसाळीतच घडल्याच्या पुराव्यात असते. हा पुरावा तपासण्यास अचूक तराजू, मोजपट्टी व भिंग पुरेसे असून ही साधने महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत उपलब्ध असतात. इतिहास, वाणिज्य व विज्ञान विभागांनी एकत्र येऊन नाणी ओळखण्याचे मार्गदर्शन सुरू केल्यास ग्रामीण कुटुंबांची फसवणूक टळेल. शेतात नाण्यांचा साठा सापडल्यास १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे, याचीही जाणीव त्यातून होईल.