तंबोरा मुका झाला म्हणून टाकू नका

भजनी मंडळाच्या खोलीत, शाळेच्या कपाटावर किंवा कुणाच्या घरी आजोबांच्या काळापासून गवसणीत बांधून ठेवलेला तंबोरा तुमच्यापैकी काहीजणींनी पाहिला असेल. छेडला तर नुसतं टण टण वाजतं, गुंजन काही येत नाही. मग घरचे म्हणतात, खराब झाला, जागा अडवतो, देऊन टाका. थांबा. पुष्कळदा तंबोरा खराब झालेला नसतो, त्याची जवारी गेलेली असते. आणि गेलेली जवारी परत आणता येते.

जवारी म्हणजे काय, ते आधी पाहू. तंबोऱ्याच्या तारा खाली एका रुंद घोडीवरून जातात. या घोडीची पाठ वरवर सपाट दिसते, पण तिला अगदी थोडा उतार असतो. तार त्या उतारावर हलकी घासत थरथरते, म्हणून एका सुरातून अनेक सूर उमटतात. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोरा सरकवला की योग्य जागी गुंजन फुलतं. रोज वाजवून तारांचे बारीक चर घोडीवर पडतात. दोरा कितीही सरकवला तरी मग आवाज उघडत नाही. अशा वेळी कारागीर घोडी घासून पुन्हा उतार देतो. याला जवारी काढणं म्हणतात. हे हाताचं आणि कानाचं काम आहे, घरी कानस घेऊन बसू नका.

पण त्याआधी घरी तपासण्यासारखं बरंच आहे. पहिलं, दोरे. जुने, झिजलेले असतील तर नवे घाला आणि तार छेडत हळूहळू पुढे-मागे सरकवा. दुसरं, तारा. गंज चढलेली तार कधीच नीट बोलत नाही. बायकांच्या आवाजाच्या तंबोऱ्यात साधारणपणे पहिल्या तीन तारा पोलादी आणि चौथी, खर्जाची, पितळी असते. बदलताना एकेकच तार काढा. सगळ्या एकदम सोडल्या तर घोडी जागेवरून सरकू शकते. तिसरं, खुंट्या. सुटत असतील तर काढून खडूची थोडी पूड लावा आणि फिरवताना आत दाबत फिरवा. बारीक फरक मात्र खुंटीने नाही, घोडीखालच्या मण्यांनी जुळवायचा.

आता आपल्या भागाची गोष्ट. चंद्रपूरचा उन्हाळा सगळ्या देशाला माहीत आहे. पाठोपाठ गडचिरोलीचा ओला पावसाळा. तंबोऱ्याचं अंग म्हणजे वाळवलेला भोपळा आणि लाकूड. उन्हाने ते आकसतं, ओलीने फुगतं, आणि या ओढाताणीत सांधे उघडतात. म्हणून पत्र्याच्या छताला लागून, कूलरच्या झोतात किंवा ओल आलेल्या भिंतीशी वाद्य ठेवू नका. जमिनीवर थेट नको, खाली चादरीची चुंबळ करा. महिनोन्महिने वाजवायचं नसेल तर तारा थोड्या सैल करा. अधूनमधून गवसणी काढून पाहा. खाली भुसा पडलेला दिसला तर कीड लागली समजा. उंदीरही भोपळा कुरतडतात. आणि भोपळा तडकलाच तर चटकन चिकटणारा डिंक लावू नका. निघालेले तुकडे पुडीत जपून ठेवा. कारागिराला तेच तुकडे लागतात.

आणखी एक सांगायलाच हवं. पूर्वी सतार-तंबोऱ्याच्या घोड्या सांबराच्या शिंगाच्याही करत. आपण जंगलाच्या कडेला राहतो. शिंग सापडलं, घोडीसाठी देऊ का, असं कुणी म्हणेल. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ही खरेदी-विक्री गुन्हा आहे. थोड्या पैशांसाठी घरच्या माणसावर खटला ओढवून घेऊ नका. आज घोड्या हाडाच्या, शिसवी लाकडाच्या किंवा फायबरच्या मिळतात आणि उत्तम बोलतात.

नवा घ्यायचा असेल तर मिरजेचं नाव आधी येतं. एकोणिसाव्या शतकात तिथल्या फरीदसाहेब सतारमेकरांनी हा धंदा उभा केला. घराणं मुळात शिकलगारांचं, शस्त्रांना धार-पाणी करणारं. भोपळे पंढरपूर भागातून येतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

घेताना आधी आपली पट्टी सांगा. बायकांचा तंबोरा आकाराने लहान असतो. काळी चार-पाचला गाणाऱ्या मुलीच्या हाती पुरुषी पट्टीचा मोठा तंबोरा दिला, तर तारा ओढून ओढून तुटतात आणि आवाजही गुदमरतो. दांडी डोळ्यासमोर धरून सरळ आहे का पाहा. तबलीवर आणि भोपळ्यावर चीर किंवा रंगाखाली लपवलेलं ठिगळ शोधा. मग जुळवून घ्या आणि पंधरा मिनिटं चहा प्या. परत छेडल्यावर सूर उतरला असेल तर खुंट्या कच्च्या. चारही तारा सारख्या गुंजतात का ऐका. नक्षीला भुलू नका, नक्षी गात नाही.

मोबाईलवर तंबोरा मिळत असताना हा खटाटोप कशाला, असं मुली विचारतील. रियाजाला मोबाईल चालतो. पण तो आधीच जुळलेला असतो. स्वतः तार जुळवताना कान जे शिकतो, ते बटण दाबून शिकता येत नाही.

आपल्याकडे दुरुस्ती करणारा जवळ नाही, ही खरी अडचण. एकट्या वाद्यासाठी लांबचा प्रवास परवडत नाही. मग तीन-चार मंडळं, गायनाचे वर्ग मिळून यादी करा. कुणाच्या तंबोऱ्याला काय झालं ते लिहा, मोबाईलवर फोटो काढा, कारागिराला आधी फोनवर दाखवा आणि सगळी वाद्यं एकाच खेपेत न्या. खर्च वाटून घ्या. बचत गट चालवणाऱ्या बायांना हा हिशेब नवा नाही.

तेव्हा या आठवड्यात एवढंच करा. गवसणी सोडा, धूळ कोरड्या मऊ फडक्याने पुसा आणि घोडीवरचा दोरा बदलून पाहा. कदाचित तेवढ्यानेच तो बोलू लागेल.