माहितीपुस्तिकेचा साचा कसा निवडावा?



संगणकावरील प्रत्येक सॉफ्टवेअरबरोबर, ते कसे चालवावे हे सांगणारी माहितीपुस्तिका लागते. ती कोणत्या साच्यात लिहून ठेवावी, हा प्रश्न तंत्रज्ञांचा वाटतो. पण तो कामगाराचाही आहे. सेलू-मानवतच्या एखाद्या जिनिंगमध्ये हजेरीपत्रक संगणकावर ठेवणारा कंत्राटी माणूस काम सोडून गेला, तर मागून येणाऱ्याला आधार त्या पुस्तिकेचाच. ती उघडली नाही, तर चूक कोणाचीही असो, ठपका त्याच्या माथी आणि कात्री त्याच्या पगाराला.

लिहिलेले जपले म्हणजे वाचता येतेच, असे नाही. कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मराठवाड्यातील जुन्या उर्दू व मोडी कागदांसाठी जाणकार शोधावे लागले. कागद होते, वाचणारे थोडे उरले होते.

संगणकावर ही पाळी याहून लवकर येते. पूर्वी मराठी मजकूर पुष्कळदा विशिष्ट फॉन्टांत टंकित होई. संगणक आत रोमन अक्षरांचे आकडे साठवी. फॉन्ट त्यांना देवनागरी रूप देई. तो फॉन्ट नसला, की पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरे! युनिकोडने १९९१ साली देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला स्वतःचा क्रमांक दिला. म्हणून पहिली अट युनिकोडची.

आता साचा. पीडीएफ हा १९९३ साली आला आणि २००८ साली आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरला. त्यात पान जसेच्या तसे राहते. छापायला, सहीशिक्क्याला तो उत्तम. परंतु दुरुस्ती अवघड, मोबाईलच्या लहान पडद्यावर वाचताना त्रास, आणि मराठी मजकूर उचलू गेल्यास जोडाक्षरे अनेकदा मोडतात. वर्ड प्रोसेसरची फाइल लिहायला सोपी. पण प्रती फिरू लागल्या, की खरी कोणती, हेच कळेनासे होते.

तिसरा मार्ग साध्या मजकुराचा. मथळ्याला एक खूण, यादीला दुसरी. बाकी सरळ लिहायचे. २००४ साली जॉन ग्रुबर यांनी मांडलेली मार्कडाउन पद्धत अशीच आहे. ही फाइल कोणत्याही संगणकावर उघडते, जुनी व नवी प्रत ओळीओळीने ताडता येते, आणि तिच्यापासूनच पडद्यासाठी वेबपान व छपाईसाठी पीडीएफ तयार होते. गुंतागुंतीचे तक्ते मात्र तिच्यात नीट बसत नाहीत. ते वेगळे जोडावेत.

तेव्हा मूळ प्रत साध्या मजकुराची ठेवावी आणि वाटपाच्या प्रती तिच्यातून काढाव्यात. सॉफ्टवेअर विकत घेताना, मराठी पुस्तिकेची ही मूळ प्रतही मिळावी, अशी अट करारात घाला. नुसती पीडीएफ मिळाली, तर आपण फक्त वाचक राहतो. मूळ प्रत हाती असली, तर यंत्रापाशी बसणाऱ्याला चुकीची ओळ दिसताच ती सुधारता येते, आणि त्याचे ज्ञान त्याच्यामागून येणाऱ्याच्या उपयोगी पडते.