मोटारसायकलच्या फासळ्या

दोस्तांनो, रस्त्याच्या कडेला उभी असलेली मोटारसायकल जरा वाकून पाहा. (हात मात्र लावू नका हं, गाडी नुकतीच आली असेल तर बोट चांगलंच भाजेल!) बऱ्याच गाड्यांच्या इंजिनाला पात्यांची झालर दिसेल, जणू फासळ्याच! ती शोभेसाठी नाही बरं का. या पात्यांना 'फिन' म्हणतात.

इंजिनात पेट्रोल जळतं. त्यातली थोडीच उष्णता चाक फिरवण्याच्या कामी येते. बाकीची धुरावाटे आणि इंजिनाच्या अंगावाटे बाहेर जायला हवी. ती आतच अडकली, तर ऑइल पातळ होतं, पिस्टन फुगतो आणि सिलिंडरमध्ये घट्ट रुतून बसतो. मग मेकॅनिक मान हलवून म्हणतो, "इंजिन सीझ झालं!"

बशीत ओतलेला चहा लवकर निवतो, कारण त्याचा जास्त भाग हवेला लागतो. फिनचंही तेच. मग फिन हातभर लांबच का करत नाहीत?

इथे गणित मदतीला येतं. १७०१ साली न्यूटनने सांगितलं, की गरम वस्तू आणि हवा यांच्या तापमानात जितका फरक जास्त, तितकी उष्णता भराभर जाते. १८२२ साली फ्रान्सच्या फूरिएने आपल्या ग्रंथात धातूतून उष्णता कशी पुढे सरकते, त्याचा नियम मांडला.

आता मनातल्या मनात फिनच्या काकडीसारख्या बारीक चकत्या करा. प्रत्येक चकतीचा हिशेब एकच: मागून आलेली उष्णता म्हणजे पुढे पाठवलेली अधिक हवेला दिलेली. अगदी घरातल्या जमाखर्चासारखा! हा जमाखर्च मांडला, की एक गंमत कळते. लांब फिनमध्ये ठरावीक अंतर गेलं, की हवेपेक्षा जास्त असलेलं तापमान निम्मं होतं.

समजा, हवा ३० अंश आहे, फिनचं मूळ १९० अंश आणि हे अंतर ४ सेंटिमीटर. म्हणजे मुळाशी हवेपेक्षा १६० अंश जास्त. ४ सेंटिमीटरवर ८० जास्त, ८ वर ४० आणि १२ वर फक्त २०! पहिले ४ सेंटिमीटर एकूण उष्णतेपैकी निम्मी बाहेर टाकतात, पुढचे ४ पाव आणि त्यापुढचे ४ तर आठवा हिस्सा. धातू तेवढाच, वजन तेवढंच, काम मात्र कमी कमी! म्हणून एक लांबलचक फिन करण्याऐवजी पुष्कळ आखूड फिन करतात. पण त्या फार चिकटूनही चालत नाहीत, मधून वारा खेळायला हवा ना!

धातूही महत्त्वाचा. बिडाच्या चौपट सहज ॲल्युमिनियम उष्णता वाहून नेतं. पण त्यामुळे ते अंतर चौपट होत नाही, दुप्पटच होतं. गणितात वर्गमूळ येतं म्हणून!

तेव्हा पावसाळ्यात घरच्या गाडीच्या फिनमध्ये चिखल बसला असेल, तर इंजिन पूर्ण गार झाल्यावर तो काढून टाका. चिखलाने वारा अडतो आणि सगळा जमाखर्च बिघडतो.

आणि हो, आता स्वयंपाकघरात जा. उकळत्या आमटीत स्टीलची पळी असते, तरी तिच्या लांब दांड्याचं टोक हाताला का भाजत नाही? चकत्या करा आणि तुम्हीच सांगा पाहू!