कॅन्सरच्या उपचारात नुसता रस पुरेसा नाही
उपचार सोसण्यासाठी रुग्णाच्या पोटात काय जावे आणि ते पेल्यातून कसे देता येईल?

घरात कोणाला कॅन्सर असल्याचे निदान झाले की पहिल्याच आठवड्यात माळ्यावरचा ज्यूसर खाली उतरतो. भेटायला येणाऱ्यांपैकी कोणी गव्हांकुर घेऊन येते, कोणी गाजर-बीटच्या रसाचे गुण सांगते, तर कोणी 'साखर आणि दूध आजपासून बंद करा' असे बजावून जाते. सून पहाटे उठून रस काढते, सासूबाई तोंड वाकडे करून तो पितात आणि जेवणाचे ताट मात्र तसेच परत येते. महिन्याभरात हातातल्या बांगड्या कोपराकडे सरकू लागतात. सगळ्यांना वाटते, हा आजाराचा परिणाम. पुष्कळदा तो उपासमारीचाही असतो.

वजन का सांभाळायचे?

केमोथेरपी आणि रेडिएशनमध्ये शरीराची झीज होते. ती भरून काढायला प्रथिने आणि उष्मांक लागतात. साधारणपणे या काळात रुग्णाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला २५ ते ३० कॅलरी आणि १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे आहारतज्ज्ञ सांगतात. म्हणजे ५० किलो वजनाच्या बाईंना रोज सुमारे १२५० ते १५०० कॅलरी आणि ६० ते ७५ ग्रॅम प्रथिने हवीत.

आता गाजर, बीट, सफरचंदाच्या रसाचा पेला पाहा. त्यातून जेमतेम १०० कॅलरी आणि एक-दोन ग्रॅम प्रथिने मिळतात. असे सहा पेले दिले तरी गरज भागत नाही, उलट पोट पाण्यानेच भरते. वजन फार उतरले तर केमोचा डोस कमी करावा लागतो किंवा पुढे ढकलावा लागतो. तोंडाच्या वा घशाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन देताना चेहऱ्याच्या मापाचा मुखवटा बनवतात. रुग्ण वाळला की तोही सैल होतो आणि नवा करावा लागतो.

रसाने कॅन्सर बरा होतो का?

नाही. जर्मनीत जन्मलेले डॉ. मॅक्स गेर्सन (१८८१-१९५९) यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत दिवसाला तेरा पेले रस पाजतात, पण त्याने कॅन्सर बरा होतो हे आजवर सिद्ध झालेले नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये आहाराने कॅन्सर बरा झाल्याचा एक दावा गाजला, तेव्हा मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलच्या २६२ आजी-माजी तज्ज्ञांनी पत्रक काढले. हळद, कडुनिंब किंवा दूध-साखर बंद करणे यांवर विसंबून उपचार लांबवू नका, असे त्यांनी लोकांना सांगितले. साखर तोडली की गाठ उपाशी मरते हाही गैरसमज आहे. शरीर इतर अन्नापासून साखर तयार करतच असते. उपाशी राहतो तो रुग्ण. अर्थात मधुमेह असेल किंवा स्टिरॉइड चालू असतील तर साखरेचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठेवावे.

मग पेल्यात काय द्यावे?

घास गिळवत नाही, अन्नाचा वास नकोसा होतो, तेव्हा घट्ट पेय फार उपयोगी पडते. हल्ली त्याला स्मूदी म्हणतात. यात फळ पिळून चोथा टाकत नाहीत, तर आख्खे फळ दूध किंवा दह्यात वाटतात.

• केळ्याची स्मूदी : उकळून गार केलेले एक कप सायीचे दूध, एक केळे, दोन मोठे चमचे दूध पावडर, दोन चहाचे चमचे भाजलेल्या शेंगदाण्याची बारीक वाटलेली पेस्ट. यातून सुमारे ४०० कॅलरी आणि १५ ग्रॅम प्रथिने मिळतात.

• फुटाण्याचे ताक : गोड नको असेल तर तीन मोठे चमचे फुटाण्याचे पीठ, म्हणजे उत्तरेकडचे सत्तू, ताज्या दह्यात घुसळून मीठ आणि जिरेपूड घालावी.

• मुगाची पेज : दूध पचत नसेल किंवा जुलाब होत असतील तर मऊ शिजवलेला भात आणि मुगाची डाळ एकत्र वाटून, गाळून, मीठ घालून कोमट द्यावी.

पूर्ण पेला एकदम देऊ नका. दर दोन तासांनी अर्धी वाटी द्या. तोंडात फोड असतील तर लिंबू, संत्रे, टोमॅटो टाळून केळे, चिकू वापरा. स्टीलच्या पेल्यात धातूची चव लागते अशी तक्रार असेल तर काचेचा पेला घ्या. वासाने मळमळत असेल तर झाकणाचा पेला आणि स्ट्रॉ बरा. ऑक्झॅलिप्लॅटिन हे औषध चालू असताना थंड पेयाने घशात मुंग्या येतात, आवळल्यासारखे वाटते. त्यांना सारे कोमटच द्यावे.

ही खबरदारी घ्याच

केमोनंतर पांढऱ्या पेशी कमी होतात आणि साधा जंतूही महागात पडतो. म्हणून रस्त्यावरचा रस, बाहेरचा बर्फ, कच्चे दूध, कच्चे अंडे नको. फळे वाहत्या पाण्याखाली धुऊन, साल काढून वापरा. मिक्सरचे पाते आणि झाकणाची रबरी रिंग दरवेळी काढून घासा. पेय लगेच द्या. पेशी फार उतरल्या असतील तर दही द्यावे की नाही, हे डॉक्टरांना विचारा.

ग्रेपफ्रूट आणि त्याच्या कुळातील पपनस काही औषधांचा रक्तातील अंश वाढवतात. इमॅटिनिबच्या गोळ्या घेणाऱ्यांनी ही फळे टाळावीत. मूत्रपिंड कमजोर असेल तर शहाळ्याचे पाणी आणि टोमॅटोचा रस विचारल्याशिवाय नको. पिताना ठसका लागत असेल तर पातळ पेय श्वासनलिकेत जाण्याची भीती असते, ते तत्काळ डॉक्टरांच्या कानावर घाला.

दर आठवड्याला त्याच काट्यावर वजन करून वहीत लिहा आणि पुढच्या भेटीला ती वही बरोबर न्या. वजन उतरत असेल तर आहारतज्ज्ञाची भेट मागा. आणि गव्हांकुर घेऊन आलेल्या पाहुण्यांना रागावू नका, त्यांचीही माया आहे. पण रुग्णाच्या हाती पेला द्यायचा तो दूध, केळे आणि शेंगदाण्याचाच द्या.